नजर पडेल तो पडेल

एका राज्यात पडण्याला मोठा मान होता. जो पडे त्याला सोन्याचे कडे मिळे. जो फार सुरेख पडे त्याला कड्यासोबत शेलाही मिळे. मात्र पडायचे ते एकाच माणसासमोर. तो माणूस म्हणजे त्या राज्याचा राजा, प्रचंडसेन.

राजाला कुस्तीचा भारी नाद. सकाळी उठावे, अंगाला तेल चोळावे, शंभर जोर काढावेत. जोर मोजायला एक कारकून होता. तो तिसापर्यंत नीट मोजी आणि तिथून थेट सत्तरावर उडी मारी. मग राजाने ओंजळभर बदाम खावेत, लंगोट कसावा आणि लाल मातीच्या हौद्यात उतरावे. समोर कोणी मल्ल उभा असे. राजा शड्डू ठोकी. त्या आवाजानेच मल्लाचे गुडघे वाकत. राजाने हात लावावा न लावावा तोच मल्ल चारी मुंड्या चीत होई, नगारा वाजे, प्रधानजी "धन्य! धन्य!" ओरडत आणि राजा मिशीला पीळ देई. अशा नव्याण्णव कुस्त्या त्याने मारल्या होत्या. आपण अजिंक्य आहोत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. राजा दुष्ट नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

या नव्याण्णवांपैकी एकोणचाळीस कुस्त्या एकट्या हैबतीशी झाल्या होत्या. हैबती हा त्या राज्यातला खरा मल्ल. त्याची मान बैलासारखी आणि चाल मांजरासारखी. त्याच्यासारखे पडणे कोणाला साधत नसे. आधी डावा खांदा, मग पाठ, मग एक लांब सुस्कारा, आणि अंगाला ओरखडासुद्धा नाही. लोक वाहवा करीत. घरी मात्र त्याची बायको साळू त्याच्याशी धड बोलत नसे. मिळालेली कडी ती म्हशीच्या शिंगांत अडकवून ठेवी. "तुम्हांला शोभत नाहीत," ती म्हणे, "हिला निदान शिंगं आहेत."

राजाच्या शंभराव्या कुस्तीची दवंडी पिटली गेली. ती ऐकून साठ कोसांवरून मांत्रिक झोटिंगनाथ चालत आला. मंत्रतंत्र हा त्याचा धंदा होता, पण जीव कुस्तीत होता. तो पुढच्या रांगेत मांडी घालून बसला, फुटाण्यांची पुरचुंडी उघडली आणि डोळे ताणून पाहू लागला.

हैबती हौद्यात उतरला. दहा पावलांवर राजा उभा राहिला. राजाने शड्डू ठोकण्यासाठी हात उचलला, तोच नाकात माती गेली आणि राजा शिंकला.

हैबती पडला.

नगारा वाजला. प्रधानजी ओरडले. झोटिंगनाथाच्या हातातले फुटाणे तसेच राहिले. तो उठून हौद्याच्या काठाशी आला.

"राजा, हे काय झाले?"

"आमची शंभरावी जीत झाली."

"मी साठ कोस चाललो. तीन जोड वहाणा झिजल्या. एक खरी कुस्ती पाहावी एवढीच इच्छा होती. आणि तू शिंकलास."

"महाराजांच्या शिंकेतही बळ आहे," प्रधानजी म्हणाले.

झोटिंगनाथाने मूठभर माती उचलली, तिच्यावर फुंकर घातली आणि म्हणाला, "तुला पडलेली माणसेच आवडतात ना? तर मग आजपासून तुझी नजर पडेल तो पडेल. तू जिवाच्या कराराने झुंजत असताना, तुझ्या उघड्या डोळ्यांदेखत कोणी तुझी पाठ मातीला लावील, त्या क्षणी हा शाप सरेल. तोवर चालू दे तुझी वाहवा." एवढे बोलून तो निघून गेला.

राजा हसला. हसत त्याने प्रधानजींकडे पाहिले. प्रधानजी पडले.

"उठा."

प्रधानजी उठले आणि पुन्हा पडले. असे सात वेळा झाले. आठव्या वेळी प्रधानजी म्हणाले, "महाराज, मी इथूनच बोलतो."

पुढचे दिवस राजवाड्याला फार जड गेले. खिरीचा हंडा घेऊन येणाऱ्या आचाऱ्याकडे राजाने कौतुकाने पाहिले. ती खीर तीन दालने वाहत गेली. न्हावी मिशी कोरीत असताना राजाने डोळे उघडले, तेव्हा न्हावी पडला आणि पडता पडता अर्धी मिशी घेऊन गेला. हत्तीकडे पाहिले तेव्हा हत्ती मिठाईच्या दुकानावर पडला. आभाळाकडे पाहिले की कावळे टपाटप पडत. एकदा राजाने आरशात पाहिले. आरशातला राजा तेवढा उभा राहिला. साऱ्या राज्यात दुसरे कोणी उभे नव्हते.

पण प्रधानजी हुशार होते. त्यांनी दरबारात गाद्या घातल्या. सरदार आडवे होऊनच मुजरा करू लागले. कारकून पोटावर वही ठेवून लिहू लागले. न्यायनिवाडे पडल्या पडल्या होऊ लागले, आणि निम्मे न्यायाधीश त्यातच झोपू लागले.

अशात शेजारच्या राजाने चाल केली. दहा हजार सैनिक भाले सरसावून वेशीशी आले. प्रचंडसेन तटावर चढला आणि त्याने डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवली. वाऱ्याने शेत लोळावे तसे सारे सैन्य लोळले. भाले एकीकडे, पागोटी दुसरीकडे. शेजारचा राजा घोड्यासकट पडला आणि पडल्या जागेवरून त्याने तह केला.

नगरात गुढ्या उभारल्या गेल्या. "महाराज," प्रधानजी गादीवरून म्हणाले, "याला शाप कोण म्हणतो? हा तर वर आहे. हा मोडायचा विचारही मनात आणू नये." राजालाही ते पटले. त्या दिवशी तो फार खूश होता. इतका खूश, की जिन्यावरून पैंजणांचा आवाज आला तेव्हा त्याने भानच सोडले. गर्रकन वळून तो म्हणाला, "राणी, पाहिलेस का?"

राणी शालवती अकरा पायऱ्या गडगडत खाली आली.

तिचा हात मोडला. ती कळवळून ओरडली. आणि तेवढ्यात नगारा वाजला. नगारेवाल्याचा दोष नव्हता. कोणी पडले की टिपरू हाणायचे एवढेच त्याला वर्षानुवर्षे शिकवले होते. पाठोपाठ प्रधानजीही सवयीने ओरडून गेले, "धन्य! धन्य!"

वैद्याने हात बांधला. राजा पडद्याबाहेर उभा होता. पडद्याआडून राणी म्हणाली, "महाराज, हात बरा होईल. पण आज तुम्ही जिंकलात तो आवाज आणि मी पडले तो आवाज एकच होता. तो मला पुन्हा ऐकायचा नाही."

राजाने कमरेचा शेला सोडला, डोळ्यांवर घट्ट बांधला आणि चाचपडत बागेत जाऊन बसला.

तिथे गवतातून एक कर्कश आवाज आला. "बांधलेस ते बरे केलेस. काल तुझ्या नजरेने माझे चार नातलग आभाळातून पडले. मी वाचले, कारण मी आधीच उताणी होते."

"तू कोण?"

"टिटवी. आभाळ कोसळलेच तर धरायला कोणी असावे म्हणून आम्ही पाय वर करून निजतो. घराण्याची रीत आहे. तुला कोणी पाडायला हवे ना?"

राजाला एक युक्ती सुचली. त्याने शेला वर सारला, "हाय!" म्हणून तो आपणच गवतात पडला आणि वाट पाहत राहिला. काहीच घडले नाही. वरच्या फांदीवरची खार मात्र त्याच्या नजरेने पटकन खाली आली.

"हे पडणे नव्हे," टिटवी म्हणाली, "हे आडवे होणे आहे. चल, तुला पाडणारा दाखवते."

राजाने शेला पुन्हा डोळ्यांवर ओढला. टिटवी त्याच्या पागोट्यावर बसली, म्हणजे चुकूनही त्याच्या नजरेसमोर येणार नाही. "उजवीकडे. सरळ. आता डावीकडे. दुसरे डावीकडे," असे करीत तिने त्याला तीन डोंगर ओलांडून साग-बांबूच्या रानात नेले. तिथे एक तालीम होती. खांबावर वानरे कसरत करीत होती, आणि हौद्याच्या काठावर एक म्हातारे अस्वल मध खात बसले होते. ते भल्लूक वस्ताद.

राजाने हौद्यात पाय टाकला. "आम्ही राजा प्रचंडसेन. आम्हांला पाडा."

"नमस्कार राहिला," वस्ताद म्हणाले.

"कोणाला?"

"मातीला."

राजा कधी वाकलेला नव्हता. तो वाकला तेव्हा पागोटे गळून पडले आणि टिटवीने त्याला खूप बोल लावले.

"तीन कामे सांगेन," वस्ताद म्हणाले. "पहिले. हा हौदा खण. माती चाळ. तिच्यात ताक घाल, तेल घाल, हळद घाल. निजलेले तान्हे पोर तिच्यावर ठेवले तरी जागे होऊ नये, इतकी मऊ कर."

राजा डोळे बांधून खणू लागला. दुसऱ्याच दिवशी हाताला फोड आले, आणि संतापून त्याने कुदळ जोरात हाणली.

"त्या कोपऱ्यापासून पुन्हा," वस्ताद म्हणाले.

"का?"

"ती माती तू रागाने खणलीस. तिच्यावर जो पडेल त्याला ती लागेल."

अशा रीतीने तो हौदा राजाने नऊ वेळा खणला. शंभर कुस्त्या तो मातीत उभा राहिला होता, पण पडणाऱ्यासाठी ही माती कोणी तरी रोज मऊ करीत असेल, हे त्याच्या कधी ध्यानी आले नव्हते. दहाव्या वेळी तो खणता खणता गुणगुणू लागला. वस्तादांनी मधात बोट बुडवून चाटले आणि म्हणाले, "झाले."

दुसरे काम पडण्याचे. एका ओंडक्यावर चढायचे आणि पडायचे. हजार वेळा. पहिल्यांदा राजा पडला तो धान्याच्या पोत्यासारखा.

"पोते बरे," वस्ताद म्हणाले. "ते श्वास रोखत नाही. तू पडायच्या आधीच घाबरतोस आणि दगड होतोस. मान आत घे. श्वास सोड. माती आली की तिच्याशी भांडू नकोस."

मोजायचे काम टिटवीकडे होते. तिला विसापर्यंतच येत असे, म्हणून वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरुवात करी. हजार कधी झाले ते कोणालाच कळले नाही. बहुधा तीन हजार झाले असावेत. पण एके दुपारी राजा पडला, गोल फिरला, उठून उभा राहिला, आणि आपण घाबरलोच नाही हे कळून मोठमोठ्याने हसला. वानरांनी खांबावरून वाकून पाहिले.

मग वस्ताद स्वतः हौद्यात उतरले. बांधल्या डोळ्यांनी राजा झुंजला आणि वस्तादांनी त्याला सहा वेळा आपटले. पण डोळे बांधलेले, म्हणून शाप जागचा हलला नाही. सातव्या वेळी राजाने शेला काढला. वस्ताद धाडकन पडले, आणि काठावरचे दोन बांबू सोबत घेऊन पडले.

"माझे वय झाले," ते कण्हत म्हणाले. "तुझी नजर पडली की मी कड्यावरच्या दरडीसारखा कोसळतो. तुला असा मल्ल हवा, जो पडतानाही जागा असतो. नजरेने त्याला खाली खेचावे आणि त्या ओढीनेच त्याने तुला उचलावे. तुझ्या राज्यात सर्वांत सुरेख कोण पडते?"

राजाचे कान लाल झाले.

"हैबती," तो म्हणाला.

"हे तिसरे काम. त्याला विनंती करून आण. हुकूम नाही. कडे नाही."

राजा मातीला नमस्कार करून परतला. हैबतीच्या दारी तो पोचला तेव्हा सकाळ होती. साळू म्हशीची धार काढून उठत होती. दारात एक वाळलेला, मातीने माखलेला, डोळे बांधलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यावर पक्षी. अर्धी मिशी लांब, अर्धी आखूड.

"कोण पाहिजे, बाबा?"

"हैबती वस्ताद आहेत का?"

साळू हसली. "वस्ताद? इथं एक पडणारा राहतो."

"मला तेच पाहिजेत."

आवाज ऐकून हैबती बाहेर आला. त्याने राजाला ओळखले आणि उंबऱ्यातच पडला. आधी डावा खांदा, मग पाठ, मग सुस्कारा.

"उठा," साळू म्हणाली. "डोळे बांधलेत त्यांचे."

हैबती शरमून उठला. राजाने हात जोडले. "हैबती, तुला मला पाडता येईल का?"

हैबतीने साळूकडे पाहिले. साळूने धारेचे भांडे खाली ठेवले.

"खरं सांगू, महाराज?"

"सांग."

"पहिल्या दिवसापासून येत होतं."

तीन हजार वेळा पडलेल्या राजाला हे पडणे सर्वांत जास्त लागले. त्याने मान आत घेतली. श्वास सोडला. मग विचारले, "मग पाडले का नाहीस?"

"प्रधानजी म्हणाले, राजा पडला की राज्य पडेल. आणि तुम्ही जिंकल्यावर इतके खूश व्हायचा की..." हैबती थांबला. "चाळीस वेळा पडलो, महाराज. चाळीस वेळा आडवाटेनं घरी आलो."

ही गोष्ट त्याने साळूला कधी सांगितली नव्हती. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी हुकूम करीत नाही," राजा म्हणाला. "विनवतो आहे. माझ्याशी खरे लढ. मीही कसूर ठेवणार नाही."

"ठेवूच नका," साळूच मध्ये बोलली. "नाहीतर यांनी पुन्हा आडवाट धरली म्हणून समजा."

कुस्ती ठरली. सकाळी उन्हे वर येताच सारे नगर हौद्याभोवती जमले. झोटिंगनाथाला निरोप गेला होता. तो नव्या वहाणा घालून आला आणि पुढच्या रांगेत बसला. प्रधानजी हात चोळीत म्हणाले, "महाराज, राज्याचा तरी विचार करा." राजा म्हणाला, "तोच करतो आहे."

डोळे बांधलेल्या राजाने आणि हैबतीने एकमेकांना वाकून नमस्कार केला, मातीला केला आणि पकड घेतली. राणी शालवती मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत अडकवून राजाच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. शेल्याची गाठ सोडायचे काम तिने कोणाला दिले नाही. "महाराज," ती हळूच म्हणाली, "सांभाळा असे मी म्हणणार नाही." आणि तिने गाठ सोडली.

हैबतीचे पाय गेले. तो खाली गेला, पण राजा इतका घट्ट रोवून उभा होता की पकडच सुटली. हैबती एकटा पडला. राजाचा हात जुन्या सवयीने मिशीकडे निघाला. नगारेवाल्याने टिपरू उचलले. "खाली ठेव," राणी म्हणाली. राजाने हात मागे घेतला.

शेला पुन्हा बांधला गेला. पुन्हा पकड. पुन्हा गाठ सुटली. या खेपेला हैबतीने पडता पडता राजाचा दंड सोडला नाही. राजा गुडघ्यावर आला, पण जोर करून सावरला. दोघांच्या छात्या भात्यासारख्या हलत होत्या. राजाने उभ्या जन्मात इतका दम कधी लावला नव्हता. झोटिंगनाथ फुटाणे तोंडात टाकायचे विसरला.

तिसऱ्यांदा गाठ सुटली. राजाने डोळे उघडले आणि हैबतीच्या डोळ्यांत पाहिले. शापाने हैबतीला खाली ओढले. हैबतीने त्या ओढीला अडवले नाही. उलट तो तिच्या पुढे धावला. मातीला पाठ टेकायच्या आत त्याचा पाय राजाच्या ओटीपोटाशी लागला, दोन्ही हातांनी हिसडा बसला, आणि राजा प्रचंडसेन सगळ्या जोरानिशी, सगळ्या बदामांनिशी, हैबतीच्या डोक्यावरून हवेत गेला. त्याच्या डोक्यावरची टिटवी कुठल्या कुठे उडाली. धप्प असा एक आवाज झाला.

सारे नगर श्वास धरून राहिले. राज्य पडते का, याची सगळे वाट पाहत होते.

राजा उताणा पडला होता. त्याच्यासमोर आभाळ होते. उंच निळाईत दोन घारी घिरट्या घालीत होत्या. राजा त्यांच्याकडे पाहत राहिला. फार वेळ पाहत राहिला. घारी फिरतच होत्या.

मग त्याने मान वळवली. प्रधानजी उभे होते. नगारेवाला उभा होता. राणी उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि राजाने दोन महिन्यांनंतर तिच्याकडे डोळे भरून पाहिले. ती पडली नाही.

"वाजवू का?" नगारेवाल्याने घाबरत विचारले.

"आता वाजव," राणी म्हणाली.

झोटिंगनाथ उठला. "साठ कोस वसूल," तो म्हणाला, आणि उरलेले फुटाणे त्याने हैबतीच्या ओंजळीत ओतले.

हैबतीने राजाला उठवायला हात पुढे केला. राजाने तो धरला, पण लगेच उठला नाही.

"थांब. पाय कुठे ठेवलास ते मला कळले नाही. पुन्हा दाखव."

लोकांना वाटले, राजाच्या डोक्याला मार लागला. पण राजा उठला, मातीला वाकला आणि समोर उभा राहिला. हैबतीने त्याला पुन्हा आपटले. पुन्हा उठला, पुन्हा आपटले. उभे राहून पाय दुखले तेव्हा लोक खाली बसले. दरबारातल्या गाद्या त्याच सकाळी उचलल्या गेल्या, आणि हौद्याची माती चाळायचे काम प्रधानजींकडे आले. त्यांनी पहिला कोपरा रागाने खणला. तो त्यांना पुन्हा खणावा लागला.

ऊन माथ्यावर येईतो राजा अकरा वेळा चीत झाला होता. बाराव्या वेळी तो वाकला, सरकला, हैबतीच्या काखेखालून निसटला आणि त्याने अंगातला उरलासुरला दम लावून ढकलले. हैबतीचा एक गुडघा मातीला टेकला.

राजा जागच्या जागी थांबला. "मुद्दाम?" त्याने विचारले.

हैबतीने आपल्या गुडघ्याकडे पाहिले. त्याला लागलेली लाल माती बोटाने पुसून पाहिली. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"नाही, महाराज," तो म्हणाला. आणि काठावरून साळू सगळ्यांत आधी ओरडली.